अनोळखी मयत

प्रश्न विचारणारे गृहस्थ मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या गावी शिक्षक आहेत. ते लिहितात की गेल्या सहा वर्षांत शहराच्या बायपासला लागून, आठ-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात, चार बायकांची प्रेतं सापडली. दोन नालीत, एक पडक्या विहिरीत, एक उसाच्या बांधाला. तिघींची ओळख आजवर पटलेली नाही. तिसरीच्या हातावर गोंदलेलं नाव होतं, त्यातली दोनच अक्षरं वाचता आली, असं तेव्हा छापून आलं होतं. एकाही खुनाचा छडा नाही. हे एकाच माणसाचं काम असेल का, पोलीस लपवतायत का, आणि एवढ्या वर्षांनी काही होऊ शकतं का, असे तीन प्रश्न त्यांनी विचारलेत.

गुरुजी, मी १९८४ ला फौजदार म्हणून लागलो आणि २०१९ ला घरी बसलो. नोकरीतली बरीचशी वर्षं स्थानिक गुन्हे शाखेत गेली, आणि तीही मराठवाड्यातच. तुमच्या शहरातली कागदपत्रं मी पाहिलेली नाहीत, त्यामुळे त्या चार प्रेतांबद्दल निकाल देणार नाही. असे खून उघडकीस का येत नाहीत, ते मात्र मला जवळून माहीत आहे. त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती पुढे सांगतो.

आधी पहिला प्रश्न. चारही प्रेतं बायपासला सापडली म्हणून खुनी एक, हे पटकन धरू नका. बायपास ही खून करायची जागा क्वचितच असते. ती प्रेत टाकायची जागा आहे. रात्री अकरानंतर तिथं गाडी थांबवली तर कोणी विचारत नाही, ढाबे दूर असतात, नाल्यांना झुडपं असतात. नवऱ्याने मारलं तरी प्रेत तिथं जातं, दिराने मारलं तरी तिथंच, आणि जिच्याशी लपूनछपून संबंध होते तिला मारणाराही तिथंच येतो. चार वेगवेगळ्या माणसांना एकच सोय सुचू शकते. म्हणून आमच्याकडे बाईचं प्रेत सापडलं की पहिली नजर घराकडे जाते, आणि बहुतेक वेळा ती बरोबर ठरते.

एकच हात ओळखायचा तर बारीक गोष्टी बघाव्या लागतात. गळ्याला काय बांधलं, किती वेढे दिले, गाठ कुठे आली. अंगावरचं डोरलं नेलं की ठेवलं. जोडवी काढली का. चेहरा ठेचला आहे का. या शेवटच्या गोष्टीकडे नीट बघा. वाटसरू बाईला मारणाऱ्याला तिचा चेहरा मिटवण्याची गरज नसते. चेहरा तोच मिटवतो ज्याला ठाऊक असतं, की ही कोण हे कळलं तर पोलीस दोन दिवसांत माझ्या दारात उभे राहतील. चारपैकी दोघींचे चेहरे ठेचलेले असतील आणि दोघींचे शाबूत असतील, तर मी दोन वेगळ्या फायली करीन.

पुण्याचं जोशी-अभ्यंकर प्रकरण बघा. १९७६-७७ मध्ये चार मुलांनी दहा माणसं मारली. पुण्याची तेव्हाची अवस्था अशी की अंधार पडला की रस्ते ओस. मार्च १९७७ मध्ये त्यांनी शेवटचा खून केला आणि प्रेत नायलॉनच्या दोरीने लोखंडी शिडीला बांधून नदीत टाकलं. ते वर आलं. तपास करणाऱ्यांनी दोरीच्या गाठी पाहिल्या आणि आधीच्या घरांतल्या गाठींशी त्या जुळल्या. घरात घुसून कुटुंबं मारणं आणि नदीत प्रेत टाकणं, वरवर बघता दोन्ही कृत्यांचा काही संबंध नव्हता. संबंध गाठीने जोडला. गाठ कुठे आणि कशी होती हे आधीच्या पंचनाम्यात होतं, म्हणून जोडला. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात फाशी झाली.

अमेरिकेच्या एफबीआयने २००५ च्या आपल्या परिषदेनंतर अशा एकाच हाताच्या खुनांची, म्हणजे सीरियल किलिंगची, व्याख्या अगदी सैल केली: एकाच गुन्हेगाराने वेगवेगळ्या वेळी दोन किंवा अधिक माणसं मारली तर ती साखळी. आधी तीनचा आकडा धरत. मला ही सैल व्याख्या आवडते. तिसऱ्या प्रेताची वाट बघत बसायची सूट त्यात नाही.

आता दुसरा प्रश्न, पोलीस लपवतात का. लपवायलासुद्धा आधी काहीतरी कळलेलं असावं लागतं. खरं काय होतं ते सांगतो. सकाळी शेतकरी किंवा गुराखी खबर देतो. पोलीस पाटलाचा फोन येतो. ठाणे अंमलदार स्टेशन डायरीला नोंद घेतो आणि बीटचा हवालदार जातो. अंगावर वार असला, गळा चिरलेला असला, तर खुनाचा गुन्हा तिथल्या तिथं दाखल होतो. पण मे महिन्यात मराठवाड्याच्या उन्हात दोन दिवस पडलेलं प्रेत तुम्ही पाहिलं आहे का? चेहरा फुगून ओळखू येत नाही, रंग काळा-हिरवा, अंगाची कातडी सुटते. जखम आहे की कुत्र्याने ओढलं, हे नवख्या माणसाला सांगता येत नाही. मग काय करतात? आकस्मिक मृत्यू, म्हणजे आमच्या भाषेत ए.डी., दाखल करतात. 'अनोळखी स्त्री जातीचे प्रेत, वय अंदाजे ३० ते ३५ वर्षे, बांधा मध्यम.' डॉक्टर मृत्यूचं कारण राखून ठेवतात आणि व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रयोगशाळेला जातो. काही महिन्यांनी अहवाल येतो, विष आढळलं नाही. गळा दाबून मारलेल्या बाईच्या पोटात विष कसं आढळेल? तोवर अंमलदाराची बदली झालेली असते. ए.डी.ची फाईल उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडे जाते आणि बंद होते. तो खून कधी खून म्हणून मोजलाच जात नाही.

१ जुलै २०२४ पासून नवा कायदा आला, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. सात वर्षं किंवा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी यावं, असं त्यात आहे. चांगलं आहे. पण ते गुन्ह्यासाठी. ए.डी. म्हणजे गुन्हा नव्हे. ज्या प्रेताला तज्ज्ञाची सगळ्यात जास्त गरज, तेच या नियमातून निसटतं. मी नोकरीत असतानाही नव्या फौजदारांना हेच सांगायचो, अनोळखी बाई विहिरीत सापडली की आधी खून समजा आणि मग नाही म्हणून सिद्ध करा. उलटं करू नका. काहींना ते पटायचं, काही हसायचे. कारण खून दाखल केला की उघडकीस न आलेल्या गुन्ह्यांचा आकडा वाढतो, आणि महिन्याच्या क्राइम मीटिंगला साहेबांसमोर उभं राहावं लागतं.

दुसरा घोळ हद्दीचा. जिल्ह्याच्या गावी शहर ठाणं, ग्रामीण ठाणं आणि औद्योगिक वसाहतीचं ठाणं अशी निदान तीन असतात, आणि बायपास नेमका त्यांच्या शिवेवरून जातो. रूळ जवळ असेल तर रेल्वे पोलीस वेगळे. मनमाड-सिकंदराबाद लाइनवर जालना, परभणी, पूर्णा, नांदेड अशी गावं ओळीने येतात. माणूस संध्याकाळी गाडीत बसला तर रात्रीतून तीन जिल्हे ओलांडतो. परभणी पोलिसांच्या नांदेड परिक्षेत्रात आणि शेजारचं जालना छत्रपती संभाजीनगर परिक्षेत्रात. देगलूरच्या पुढे गेलात की तेलंगणा आणि कर्नाटक. प्रत्येक शिवेवर बिनतारी संदेश जातो, बारनिशीला, म्हणजे आवक-जावक नोंदवहीला, चढतो आणि गठ्ठ्यात पडतो. रात्री प्रेत शिवेपलीकडे सरकवून ठेवल्याचे किस्से जुने हवालदार सांगत. मी स्वतः पाहिलं नाही, ऐकलं मात्र पुष्कळ.

पण हद्द आणि ए.डी. यांच्याही आधी एक गोष्ट येते. मयत कोण, हेच कळत नाही. जिचं नाव माहीत नाही तिचा शेवटचा फोन कोणाला गेला ते कसं बघणार? ती कोणाबरोबर निघाली, कोणाकडे पैसे अडकले होते, कोणाशी भांडण झालं, यातलं काहीच हाती येत नाही. तपासाला टोकच नसतं. मुंबईत ऐंशीच्या दशकात सायन-किंग्ज सर्कल भागात आणि १९८९ मध्ये कलकत्त्यात फुटपाथवर झोपलेल्यांना डोक्यात दगड घालून मारलं गेलं. मुंबईत बारा, कलकत्त्यात तेरा. आजपर्यंत त्यांचा उलगडा नाही. मेलेले बहुतेक एकटे झोपणारे होते आणि पुष्कळांची ओळखच पटली नाही. खुनी फार हुशार होता असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. ज्यांच्या नावाने कोणी ठाण्यात येणार नव्हतं, तेवढेच त्याने निवडले, जाणून निवडले असोत की नसोत.

आपल्याकडे अशी माणसं कुठून येतात ते तुम्हाला ठाऊक आहे. दसरा झाला की बीड, धारूर, केज, गंगाखेड या पट्ट्यातून कोयता निघतो. मुकादमाची उचल घेतलेली जोडपी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात ती उन्हाळा लागेपर्यंत येत नाहीत. गावाकडे म्हातारी माणसं आणि लेकरं उरतात. या पाच-सहा महिन्यांत एखादी बाई नाहीशी झाली तर गाव समजतं कारखान्याला आहे, आणि फडावरची टोळी समजते गावाला गेली. एका म्हाताऱ्याने मला सांगितलेलं वाक्य अजून कानात आहे: "साहेब, लेक कोयत्याला हाय म्हणून आम्ही गप. पाडव्याला बी आली नाई तवा कळलं." तिचं प्रेत तोवर पुरून चार महिने झाले होते. हरवल्याची तक्रार आणि बेवारस प्रेत, दोन्ही नोंदी सरकारी दप्तरात असतात. एक एका जिल्ह्यात, दुसरी दुसऱ्या जिल्ह्यात, तारखांत चार महिन्यांचं अंतर. त्या एकमेकींना भेटत नाहीत.

आता माझी चूक. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी सहायक निरीक्षक होतो, ठाणं छोटं. मे महिन्यात एका पडीक विहिरीत बाईचं प्रेत सापडलं. विहिरीत गुडघाभर पाणी. बुडून मरावं इतकं नव्हतं, पण तेव्हा माझ्या डोक्यात ते आलं नाही. उन्हाळ्यात पाणी आणखी आटलं असेल, अशी मीच माझी समजूत घातली. साडीचा पदर मानेभोवती होता. पडताना गुंडाळला असेल, असं धरलं. पंचनाम्यात 'पदर मानेभोवती गुंडाळलेला' एवढंच लिहिलं. किती वेढे, गाठ आहे का, काही नाही. हाताची कातडी मोज्यासारखी सुटून आली होती. ठसे आता काय घेणार म्हणून सोडून दिले. पुढे एका वैद्यकीय महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी सांगितलं तेव्हा शरम वाटली. ती सुटलेली कातडी अलगद काढून, हातमोजा घातलेल्या आपल्या बोटावर चढवून ठसा घेता येतो, आणि चांगला येतो. दाढ काढून ठेवायची, मांडीच्या हाडाचा तुकडा ठेवायचा, हेही तेव्हा आमच्या ध्यानीमनी नव्हतं.

पंच म्हणून गावातला शिंपी उभा होता. तो प्रेताजवळ यायला तयार नव्हता, लांबूनच बघत होता. तरी म्हणाला, "साहेब, ह्यो ब्लाउज आपल्याकडचा न्हाई. असा गळा हिकडं शिवत न्हाईत. आन् बगलंत माया बघा किती सोडलीय." माया म्हणजे शिवणीत राखलेलं जास्तीचं कापड. मी म्हणालो, बरं बरं, सही करा. पंचनाम्यात लिहिलं, 'ब्लाउज हिरव्या रंगाचा.' ए.डी. दाखल झाली. व्हिसेऱ्यात विष नाही. फाईल बंद. ग्रामपंचायतीने ओढ्याकाठी पुरलं.

तीन वर्षांनी शेजारच्या जिल्ह्यात गुन्हे शाखेत होतो. रस्त्याच्या मोरीखाली बाईचं प्रेत. मानेभोवती साडीचा फाडलेला पट्टा, दोन वेढे, गाठ मानेच्या मागे. तो पट्टा बघताना मला ती विहीर आठवली. ब्लाउज बघितला. गळा तसाच, बगलेत माया तशीच भरपूर. या वेळी मी शहाणा झालो होतो. ब्लाउज वाळवून कागदात घेतला. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत घातला की आठवड्यात कुजतो, हेही तोवर शिकलो होतो. आणि सरळ त्या शिंप्याच्या गावी गेलो. तो जिवंत होता आणि त्याला आठवतही होतं. त्याने गळा बघितला, शिवण उलटी करून बघितली आणि म्हणाला, सीमेपलीकडे बघा, तिकडच्या बाजारगावांतून बघा. माझे दोन हवालदार ब्लाउज घेऊन सतरा दिवस आठवडी बाजार फिरले. एका बाजारात एका कारागिराने आपली शिवण ओळखली. वहीत माप होतं, मापापुढे नाव.

नाव मिळाल्यावर सहा दिवस लागले. माणूस मालवाहू गाडीवर होता, बाईला कामाच्या आमिषाने आणलं होतं. त्याच्या घरी तिची जोडवी निघाली. या खुनात त्याला जन्मठेप झाली.

चौकशीत तो विहिरीबद्दलही बोलला. आम्ही विचारलं नव्हतं, स्वतःहून बोलला. पण कोठडीत पोलिसासमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. आरोपीच्या सांगण्यावरून एखादी नवी गोष्ट हाती लागली तर तेवढा भाग चालतो. जुन्या पुरावा कायद्यात ते कलम २७ होतं, आता भारतीय साक्ष अधिनियमात २३. विहीर आम्हाला आधीच माहीत होती. नवं काय सापडणार? कपडे ए.डी. बंद झाल्यावर नष्ट केलेले. व्हिसेरा नाही. दंडाधिकाऱ्यांच्या परवानगीने ओढ्याकाठी उकरलं. मधल्या पावसाळ्यांत ओढ्याने काठ खाल्ला होता, काही मिळालं नाही. मी त्याला बाईचं नाव विचारलं. म्हणाला, मी विचारलं नव्हतं.

ती फाईल आजही आकस्मिक मृत्यू म्हणून बंद आहे.

मराठवाड्यात खूनसत्राचं नाव निघालं की मानवत येतंच, म्हणून त्याबद्दल. मी परभणीला रुजू झालो तेव्हा त्या काळात मानवतला बंदोबस्त केलेले हवालदार नोकरीत होते. १४ नोव्हेंबर १९७२ ते ४ जानेवारी १९७४. सरासरी दहा वर्षांच्या पाच मुली, वर्षाचं एक बाळ, पस्तिशीतल्या चार बायका. एकूण दहा. मानवत तेव्हा पाथरी तालुक्यात होतं आणि सगळीकडे बहात्तरचा दुष्काळ. मुंबईहून पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णींना तपासासाठी पाठवलं गेलं. लोकांच्या लक्षात राहिलं ते गुप्तधन, पिंपळावरचा मुंजा आणि नरबळी. आमच्या बिरादरीत लक्षात राहिला तो निकाल. खटला उभा होता तो माफीच्या साक्षीदारांवर. कटाचे सूत्रधार म्हणून ज्या दोघांवर आरोप होता ते शेवटी सुटले, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे सांगितलं ते पुढे प्रत्येक पोलीस ट्रेनिंगमध्ये आलं: गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीला स्वतंत्र पुराव्याची जोड हवी, आणि ती जोड प्रत्येक आरोपीला वेगळी जोडणारी हवी. गावाला वाटलं खून उघडकीस आले. काही अंशी आले. पण मुख्य प्रश्नाला कोर्टात उत्तर मिळालं नाही.

निठारीत अगदी अलीकडे तेच झालं. डिसेंबर २००६ मध्ये नोएडाच्या नाल्यातून मुलांचे सांगाडे निघाले. त्याआधी कितीतरी महिने आईबाप ठाण्यात खेटे घालत होते आणि त्यांना परत पाठवलं जात होतं. फाशीच्या शिक्षा झाल्या. १६ ऑक्टोबर २०२३ ला अलाहाबाद उच्च न्यायालयाने बारा खटल्यांत मुख्य आरोपीला निर्दोष ठरवलं. कबुलीजबाब आणि जप्ती दोन्ही न्यायालयाला विश्वासार्ह वाटल्या नाहीत. कबुली मिळाली म्हणून तपास थांबवला की असं होतं. वर्तमानपत्राला कबुली पुरते.

मानवतमुळे आपल्याकडे एक खोड लागली आहे, तीही सांगून ठेवतो. दोन प्रेतं सापडली की चहाच्या टपरीवर मांत्रिक येतो, अमावास्या येते, गुप्तधन येतं. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ ला झाला आणि तो हवाच होता. नरबळीचे खरे गुन्हे घडतातही. पण माझ्या ठाण्यांत आलेल्या अशा दर दहा 'खबरींत' नऊ कुणाचा तरी हिशेब चुकता करायला दिलेल्या असत. आणि दुसरी खोड त्याहून वाईट. छडा लागेना की पारध्यांच्या पालांवर पहाटे धाड. पारध्यांसारख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवणारा गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ मध्ये गेला, पण ठाण्यातल्या सवयी कायदा गेला म्हणून जात नाहीत. दहा माणसं आणायची, दोन दिवस बसवायची, साहेबांना सांगायचं तपास चालू आहे. त्या दोन दिवसांत खरा माणूस निघून जातो आणि पालांवरची माणसं, ज्यांनी रात्री गाडी बघितली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, ती आयुष्यभर आपल्याशी बोलत नाहीत. मीही सुरुवातीच्या वर्षांत अशा धाडींना गेलो आहे.

शोधायचं तर आधी आपलंच दप्तर शोधावं. फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्यांना मारणारा मुंबईचा रमण राघव १९६८ मध्ये पकडला गेला. त्याआधी संशयावरून तो हाती आला होता आणि पुरावा नाही म्हणून सुटला होता. दरोड्यात त्याने शिक्षा भोगली होती. नाव, ठसे, टोपणनावं, सगळं कागदावर होतं.

तिसरा प्रश्न: सहा वर्षांनी काय होऊ शकतं. खुनाला मुदत नाही. 'अ' समरी, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही, मंजूर झाली तरी पुढचा तपास करता येतो. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९३ (९) खाली. ए.डी. बंद झालेली असेल आणि खुनाची माहिती आता पुढे आली तर गुन्हा आता दाखल होऊ शकतो. अडचण कायद्याची नाही. हातात काय उरलं याची आहे. मोबाइल कंपन्यांना कॉलच्या नोंदी किमान दोन वर्षं ठेवाव्या लागतात. तेव्हाच्या तपास अधिकाऱ्याने टॉवरचा डेटा मागवून फाईलला लावला असेल तर आहे, नसेल तर गेला. ठसे घेतलेले असतील तर मात्र आज त्यांची किंमत तेव्हापेक्षा जास्त आहे, कारण राष्ट्रीय पातळीवरची ठशांची प्रणाली २०२२ पासून चालू आहे आणि राज्याचीही वेगळी आहे. तेव्हा न जुळलेला ठसा आज जुळू शकतो. हाड किंवा दाढ ठेवलेली असेल तर डीएनएसाठी प्रयोगशाळा लांब नाही. छत्रपती संभाजीनगरला आहे, नांदेडला आहे. पण डीएनए जुळवायला दुसऱ्या बाजूला कोणीतरी लागतं, आई, बहीण, लेकरू. म्हणजे पुन्हा तिथंच आलो.

तुम्ही काय करू शकता? खुनी शोधू नका. व्हॉट्सॲपवर नकाशे आणि संशयितांचे फोटो फिरवू नका. जमावाने चुकीचा माणूस धरला तर काय होतं हे २०१८ मध्ये धुळ्याच्या राईनपाड्यात आपण बघितलं, पाच भिक्षेकरी ठार झाले. चारही घटनांच्या तारखा, ठाणी आणि नोंद क्रमांक मिळवा. माहितीच्या अधिकारात तपासाचे तपशील नाकारले जातील, पण नोंद ए.डी.ची आहे की खुनाची, समरी झाली का, डीएनएसाठी नमुना राखला का, मुद्देमाल अजून आहे की नष्ट झाला, एवढं विचारायला हरकत नाही. चारही उत्तरं एका कागदावर लिहा आणि पोलीस अधीक्षकांना समक्ष भेटून द्या. बदलून आलेला नवा अधीक्षक अशा कागदाकडे जुन्यापेक्षा जास्त मन लावून बघतो, कारण त्यात त्याची स्वतःची चूक नसते. मग लगतच्या जिल्ह्यांतल्या हरवलेल्या बायकांच्या नोंदी. त्या तारखेच्या आधीच्या नको, प्रेत सापडल्यानंतरच्या सहा महिन्यांतल्या बघा. कोयत्याला गेलेलीची तक्रार उशिरा येते.

आणि ते गोंदण. तुम्ही लिहिलं आहे की दोनच अक्षरं वाचता आली. ती कोणी वाचली, प्रेतावर की फोटोवरून, ते विचारा. वरची कातडी निघून गेली तरी गोंदण खालच्या थरात राहतं, ओल्या कापडाने पुसलं की उलट ठळक दिसतं. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी ते पुसून बघून नोंदवलं असेल तर त्यांच्या अहवालात पोलिसांपेक्षा जास्त अक्षरं असतील. आपल्याकडच्या बायका हातावर स्वतःचं नाव क्वचितच गोंदवतात. नवऱ्याचं असतं, भावाचं असतं, नाहीतर देवाचं. वर्तमानपत्राने ते बाईचं नाव म्हणून छापलं असेल, आणि एवढी वर्षं सगळे त्या नावाची बाई शोधत असतील.